चोर्ला घाटात तापलेलं पाणी: लिनिया टी-जेटवर वॉटर-टू-एअर इंटरकूलर बसवल्याचं एक पूर्ण प्रकरण

गाडी फियाटची लिनिया टी-जेट. १३६८ सीसी, पेट्रोल टर्बो, रांजणगावातून निघाली तेव्हा ११४ पीएसची, आता रिमॅप करून (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो जादा दाब, १ बारच्या आसपास नेलेला. मालक माझा मावसभाऊ, राहतो साखळीला, ऑफिस पर्वरीत, बायकोचं माहेर बेळगाव. म्हणजे गाडीचा आठवडा असा जातो की पाच दिवस म्हापसा-पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये सरपटायचं आणि सुट्टीला केरीवरून चोर्ला घाट चढायचा. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे, गाडी कुठे चालते हे न बघता इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) निवडला की काय होतं त्याचंच हे प्रकरण.

मूळ तक्रार साधी होती. कंपनीचा एअर-टू-एअर, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड करणारा इंटरकूलर मूळ ११४ पीएसच्या हिशोबाचा, त्यावर बूस्ट वाढवला, त्यात गोव्याचा एप्रिल-मे. बाहेर ३३-३४ अंश, दमटपणा वेगळाच. ओबीडी डोंगल (इंजिनाचे आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून बघितलं तर पर्वरीत गाडी सरपटत असताना इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या, हवेचं तापमान ६२ पर्यंत जायचं, आणि घाटात सलग बूस्टवर ५८ च्या आसपास राहायचं. हवा एवढी गरम झाली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नॉकिंगच्या (इंधन आपोआप भडकण्याच्या) भीतीने ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते, मग रिमॅपला दिलेले पैसे असून नसल्यासारखे. पावसात सकाळी घाट चढताना गाडी वेगळीच आणि मे महिन्यात दुपारी वेगळीच, हे त्याला सीटवर बसूनही कळायचं.

त्याने इंटरनेटवर वाचलं की पाण्याचा इंटरकूलर ट्रॅफिकमध्ये चांगला, आणि ते खरंच आहे. पाण्यात उष्णता साठवायची ताकद हवेपेक्षा कितीतरी जास्त, आकारमानाच्या हिशोबाने साडेतीन हजार पटींच्या घरात. शिवाय कोअर, म्हणजे ज्यात हवा थंड होते तो इंटरकूलरचा मुख्य भाग, इंजिनाजवळच बसतो, म्हणजे बूस्टचे पाईप आखूड होतात आणि पुढचा बंपर कापायला लागत नाही. मोठ्या कंपन्याही हेच करतात, टायगुन-कुशाकच्या १.० टीएसआयमध्ये इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच घातलेला आहे आणि त्यातून पाणी फिरतं, टोयोटाच्या सेलिका जीटी-फोर एसटी२०५ ला तर नव्वदच्या दशकातच होतं. तर त्याने एक वापरलेला कोअर मिळवला, फोंड्याच्या एका फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट आणि ३ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी टिग वेल्डिंग करून घेतली, पुढे एका बाईकचा रेडिएटर लावला, पंप बसवला, आणि गाडी घेऊन चोर्ला घाटात गेला.

खाली केरीत इनटेकच्या हवेचं तापमान ४४. पहिल्या जोरदार चढाला ५०. तो एकदम खूश. अर्ध्या घाटात ६३, वर पोचता पोचता ७१. म्हणजे कंपनीच्या छोट्या इंटरकूलरपेक्षा १३ अंश जास्त! वरून मला फोन, "दादा, कोअर छोटा पडला वाटतं, दुप्पट मोठा मागवू का?"

मी म्हटलं काही मागवू नकोस, आधी पाणी मोजू.

या प्रकारात सगळ्यांचं लक्ष कोअरवर असतं, तो चकचकीत दिसतो म्हणून, आणि खरी गोष्ट पाण्याच्या बाजूला घडत असते. वॉटर-टू-एअर म्हणजे एकामागोमाग दोन कूलर आहेत. पहिला हवेतली उष्णता पाण्यात टाकतो, दुसरा, म्हणजे पुढचा रेडिएटर, तीच उष्णता पाण्यातून बाहेरच्या हवेत टाकतो. पहिला कितीही भारी असला तरी हवा पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही, आणि पाणी किती थंड राहणार हे फक्त दुसरा ठरवतो. पाणी ६० अंशांवर गेलं की कोअर जर्मनीहून आणा नाहीतर जपानहून, इंजिनात ६० च्या वरचीच हवा जाणार.

थोडा हिशोब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय पंप आणि पाईप किती मोठे हवेत ते कळत नाही. ५००० आरपीएमला १ बार बूस्टवर हे इंजिन साधारण सेकंदाला ११० ग्रॅम हवा खातं. १ बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब दुप्पट, आणि ३५ अंशांची हवा एवढी दाबली की टर्बोच्या कॉम्प्रेसरची एफिशियन्सी धरून ती १३० अंशांच्या आसपास बाहेर येते. तिला ५० वर आणायचं तर ८० अंश काढायचे, म्हणजे जवळजवळ ९ ते १० किलोवॅट उष्णता, घरातले पाच गिझर एकदम चालू केल्याएवढी. टाकी, पाईप, रेडिएटर सगळं मिळून याच्याकडे ५ लिटर पाणी, तेव्हा पुढचा रेडिएटर काहीच करत नसेल तर पूर्ण बूस्टवर पाणी सेकंदाला जवळपास अर्धा अंश चढणार. २० सेकंदात १० अंश. एका ओव्हरटेकला हे अगदी मस्त, म्हणूनच तो खालच्या चढाला खूश झाला, तेव्हा त्याला दिसत होतं ते फक्त टाकीतलं थंड पाणी. घाट मात्र २० सेकंदांचा नसतो.

मग मोठी टाकी का नाही, हा प्रश्न येतोच. टाकी मोठी केली की पाणी तापायला वेळ लागतो एवढंच, तापायचं थांबत नाही, आणि एकदा तापलं की थंड व्हायलाही तेवढाच जास्त वेळ. गच्चीवर सिंटेक्स कितीही मोठी आणली तरी नळाला पाणी कमी येत असेल तर शेवटी ती रिकामीच होणार, तसं आहे हे. म्हणून टाकीला आम्ही शेवटपर्यंत हात लावला नाही.

मोजायला फार काही लागलं नाही. डीएस१८बी२० नावाचे तापमान मोजणारे वॉटरप्रूफ प्रोब स्वस्तात मिळतात, अर्दुइनो नावाच्या एका छोट्या सर्किट बोर्डाला ते जोडले आणि चार जागी लावले: कोअरच्या आत जाणारं पाणी, कोअरमधून बाहेर येणारं पाणी, पुढच्या रेडिएटरच्या तोंडावरची हवा, आणि टाकी. प्रोब होजवर नाही, धातूच्या जोडावर टेप मारून वर फोमची पट्टी गुंडाळायची, नाहीतर बॉनेटखालची गरम हवाच मोजली जाते. इनटेकची हवा ओबीडीवर मिळतेच. नंतर मी शेजारी बसलो लॅपटॉप घेऊन, आणि परत घाट.

घाटाच्या वरच्या टप्प्यात आकडे असे आले. कोअरमध्ये जाणारं पाणी ५१, बाहेर येणारं ७९. मध्ये २८ अंशांचा फरक. रेडिएटरच्या तोंडावरची हवा ४७, बाहेर मात्र ३३ होतं. ह्या आकड्यांत अख्खं प्रकरण आहे.

पहिलं २८ अंशांचं बघा. पाणी कोअरमधून जाताना एवढं तापतंय म्हणजे ते फार कमी फिरतंय. १० किलोवॅट उष्णता आणि मिनिटाला २० लिटर पाणी असेल तर फरक ७ अंशांच्या आसपास येतो. २८ येतोय म्हणजे फिरणारं पाणी मिनिटाला ५ लिटर. खात्री करायला टाकीत परत येणारी होज काढून बादलीत सोडली, वरून टाकीत पाणी ओतत राहिलो, १० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं. हिशोब आणि बादली जुळले. कोअरचा मागचा अर्धा भाग ७०-८० अंशांच्या पाण्यावर चालला होता, तिथे हवा थंड होणार तरी कशी. कोअर छोटा नव्हता, तो उपाशी होता.

इथे एक समजूत खोडून काढायलाच हवी, कारण फॅब्रिकेटरपासून सगळे तीच सांगतात: पाणी हळू फिरवलं तर रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबतं आणि जास्त थंड होतं. एक लिटर पाणी जास्त थंड होतं हे खरं, पण त्या वेळात लिटर कमी जातात, आणि रेडिएटरमधलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातला सरासरी तापमानाचा फरक कमी झाल्याने एकूण बाहेर पडणारी उष्णता कमीच होते. शिवाय हळू पाणी कोअरमध्येही जास्त वेळ थांबून जास्त तापतं, त्याचा विचार कोणी करत नाही. बंद सर्किटमध्ये जास्त फ्लो कधीही चांगला, फक्त पंपाला तो झेपला पाहिजे.

फ्लो का कमी, ते शोधायला म्हापशाच्या एका जुन्या रेडिएटरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ना आकडे बघितले ना लॅपटॉप, इंजिन चालू ठेवून एकेक होज हातात धरून दाबत गेले आणि कोअरच्या वरच्या भागावर बोटं ठेवून म्हणाले, "पात्रांव, हांगा उदक फिरना." (साहेब, इथे पाणी फिरत नाही.) कोअरच्या वरच्या टोकाला हवा अडकली होती. पाणी वरून आत आणि खालून बाहेर असं जोडलेलं, त्यामुळे हवेचा फुगा वर कायमचा बसून राहिलेला, आणि तेवढा कोअर कोरडा. होज उलट केल्या, खालून आत, वरून बाहेर, आणि सगळ्यात उंच जागी एक ब्लीड निपल, म्हणजे अडकलेली हवा सोडायची तोटी, लावला. टाकी सर्किटमध्ये सगळ्यात वर आणि पंप सगळ्यात खाली, टाकीच्या लगेच नंतर, हा नियम इथे मोडता येत नाही, कारण हे छोटे सेंट्रीफ्युगल पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत, त्यांच्या तोंडाशी पाणी आधीच उभं असावं लागतं.

दुसरं कारण जोडांत होतं. होज १९ मिमीची, पण बाईकच्या रेडिएटरला जोडायला मध्ये पितळेचे निपल घातले होते ज्यांचं आतलं भोक जेमतेम १० मिमी, आणि जागा नाही म्हणून काटकोनी एल्बो बरेच. अख्खी लाईन रुंद आणि एकच गळा अरुंद असला तरी पंपाला तो गळाच दिसतो. तिसरं वायरिंग. पंपाला करंट फॉग लॅम्पच्या बारीक वायरमधून दिलेला, मल्टिमीटर पंपाच्या टोकाला लावला तर इंजिन चालू असताना १३.८ च्या जागी ११ व्होल्टही नाहीत. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, रिले, आणि रिलेला इग्निशनचा सिग्नल, हे काम तासाभराचं आहे आणि पंप बदलण्याआधी प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. पंप तोच राहिला.

हे झाल्यावर बादली अर्ध्या मिनिटाच्या जरा वर भरायला लागली, मिनिटाला १८ लिटर. परत घाट. आता कोअरमध्ये जाणारं ५७, बाहेर येणारं ६५, इनटेकची हवा ६४. भावाचा चेहरा पडला, एवढं करून सातच अंश कमी! मला मात्र तेव्हाच बरं वाटलं, कारण आता दोन्ही होज सारख्याच गरम होत्या. हे लक्षात ठेवायला सोपं आहे: कोअरच्या आत-बाहेरच्या पाण्यात मोठा फरक असेल तर फ्लो कमी आहे, आणि फरक छोटा पण दोन्हीकडे पाणी गरम असेल तर पुढचा रेडिएटर कमी पडतोय. पहिला आजार गेला होता आणि दुसरा उघडा पडला होता.

दुसरा आजार म्हणजे ते ४७ अंश. बाईकचा रेडिएटर एसीच्या कंडेन्सरच्या मागे खोचला होता, जागा तिथे होती म्हणून. गोव्यात मे महिन्यात एसी बंद करून कोण गाडी चालवतो? कंडेन्सर स्वतःची सगळी उष्णता त्या हवेत टाकतो आणि मग ती हवा आमच्या रेडिएटरला मिळते. बाहेर ३३ असताना ४७ च्या हवेने पाणी थंड करायचं म्हणजे सुरुवातच १४ अंश मागून. तो आकाराने छोटा, हे त्यावर आणखी. शेवटी एका छोट्या कारचा ॲल्युमिनियम रेडिएटर घेऊन बंपरच्या खालच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या पुढे, जरा झुकवून बसवला. बाजूंनी फोमची पट्टी लावून फटी बुजवल्या, कारण हवा आळशी असते, रेडिएटरच्या पंखांतून जाण्यापेक्षा बाजूने निसटते. समोर बारीक स्टीलची जाळी, साखळी-डिचोली भागात ट्रकवरून उडणारे खडे ज्यांनी काचेवर झेललेत त्यांना कारण सांगायला नको. एसीवर परिणाम होईल अशी भीती होती, आमच्या रेडिएटरने तापवलेली हवा आता कंडेन्सरला मिळणार म्हणून, पण नेहमीच्या चालवण्यात फरक जाणवला नाही.

पाण्याचा क्रम पण बदलला. आता टाकी, मग पंप, मग कोअर, मग पुढचा रेडिएटर, आणि परत टाकी. टाकी रेडिएटरच्या नंतर आली की तिच्यात थंड झालेलं पाणी साठतं आणि बूस्ट आला की कोअरला आधी तेच मिळतं.

त्यानंतर घाटात आत ४३, बाहेर ५१, इनटेकची हवा ५०. ७१ वरून ५०, कोअर तोच, पंप तोच, टाकी तीच. घनतेच्या हिशोबाने त्याच बूस्टला साडेसहा टक्के जास्त हवा, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ईसीयूने टायमिंग मागे घेणं जवळजवळ थांबलं आणि गाडी घाटाच्या वरच्या टोकालाही खालच्यासारखीच ओढायला लागली. पर्वरीच्या सरपटीत आधी ६२ व्हायचे तिथे आता ४७-४८.

बर्फाचा विषय सांगायलाच हवा, कारण गोव्यात मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत आणि कोणीतरी म्हणतंच की टाकीत बर्फ टाका. ५ किलो बर्फ वितळताना साधारण १६७० किलोज्यूल उष्णता खातो, म्हणजे पूर्ण बूस्टवर तीन मिनिटांपेक्षा कमी. सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग रनला ठीक, घाटाला काही उपयोग नाही. आणि आपल्या हवेत एक वेगळीच भानगड आहे. पावसाळ्यात गोव्यात दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) २४-२५ अंशांच्या आसपास असतो, आणि तीच हवा दाबून दुप्पट केली की तिचा दवबिंदू ३७ च्या घरात जातो. म्हणजे बूस्टमध्ये हवा ३७ च्या खाली गेली की कोअरच्या आत पाणी सुटायला लागतं. बर्फाच्या पाण्यावर तर सेकंदाला ग्रॅमभर. थोडं पाणी इंजिन सहज पचवतं, पण क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेत मिसळून ते कोअरच्या तळाशी पांढरट चिकट थर करून बसतं. म्हणून कोअरच्या खालच्या टोपीला एक ड्रेन बोल्ट ठेवलाय, पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघायचा. कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत हे सहसा येत नाही, आपल्याला मात्र बघावं लागतं.

पाणी कुठलं घालावं यावरही वाद झाला. पहिल्या भरणीत घरच्या विहिरीचं होतं, टाकी उघडली तर लालसर गाळ. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत ते नको. सर्किट धुऊन डिस्टिल्ड वॉटर भरलं, त्यात थोडं गंजरोधक असलेलं कूलंट. अर्धं-अर्धं कूलंट गोव्यात कशाला, आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि ग्लायकॉल (कूलंटमधला पाणी गोठू न देणारा घटक) वाढला की पाण्याची उष्णता वाहायची ताकद कमी होते. पितळेचे निपल काढून ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचे जोड लावले, पितळ आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि किनाऱ्याची खारी हवा बाहेरून तेच काम करत असतेच.

वापरलेला कोअर घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बसवायच्या आधी त्याची लीक टेस्ट करा. हवेच्या बाजूची दोन्ही तोंडं बंद करून १.५ बार हवा भरायची आणि ड्रममध्ये बुडवून बुडबुडे बघायचे, मग पाण्याच्या बाजूचंही तसंच, तिथे कमी दाबाने. आत चीर असेल तर बूस्टमध्ये हवा पाण्यात घुसते आणि टाकी ओसंडून वाहते, हे तरी दिसतं. बंद उभ्या गाडीत मात्र पाणी इनटेकमध्ये गळत राहतं आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याची टाकी इंजिनपेक्षा उंच आहे, म्हणून ही टेस्ट आम्ही कोअर परत काढून केली, तो ठीक निघाला.

कायद्याचंही सांगायला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले रिमॅप आणि अशा बदलांवर बोट ठेवू शकतात. ही जोखीम भावाने समजून घेतलीय, दुसऱ्याने करताना स्वतः समजून घ्यावी.

आणि मला विचाराल तर हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीला मोठा एअर-टू-एअरच बरा, त्यात पंप नाही, पाणी नाही, गळती नाही. पाण्याचा प्रकार त्याला, ज्याची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, मध्येच थोडा वेळ जोर मागते, आणि ज्याच्या बंपरमागे पाईप न्यायला जागा नाही. भावाची गाडी त्यात बसते, म्हणून काढून टाक असं मी म्हटलं नाही.

एक जागा अजून दुखतेच. घाटात मोठ्या ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकलं की समोरून हवाच येत नाही आणि पाणी ५२ पर्यंत चढतं. तिथे रेडिएटरला एक छोटा पंखा लावायचं ठरलंय, ४५ अंशांना चालू होणाऱ्या थर्मोस्विचवर. पंपाला अलार्म मात्र आधीच लावला, कारण पंप बंद पडला तर डॅशबोर्डवर काहीच पेटत नाही आणि इंजिनाचं स्वतःचं तापमान व्यवस्थित दिसत राहतं. कोअरच्या बाहेर येणारं पाणी ७० च्या वर गेलं की स्टिअरिंगखाली बझर वाजतो, आणि बझर वाजला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, बूस्ट न घेता सावकाश घरी यायचं.